सांजवेळची वीज आणि गोबर गॅस

बिलोली तालुक्यातील कोणत्याही गावी सायंकाळी सातच्या सुमारास क्षणभर थांबून पाहावे. गुरे माळावरून परतलेली असतात, धारा काढणे चालू असते, घरोघर दिवे व पंखे सुरू होतात, पिठाच्या गिरणीपुढे डबे लागलेले असतात, आणि पाण्याच्या टाकीवरचा पंपही बहुधा याच वेळी चालू केला जातो. विजेची गरज दिवसभरात सर्वांत अधिक असते ती या चार-पाच तासांत. आणि ज्या सूर्यापासून आपण आता अधिकाधिक वीज घेऊ लागलो आहोत, तो नेमका याच वेळी मावळलेला असतो.

सौर विजेचा विस्तार गेल्या काही वर्षांत फार वेगाने झाला. २०२५ च्या जानेवारीअखेर देशातील सौर वीजनिर्मितीची क्षमता एक लाख मेगावॉटवर पोहोचली. आपल्या राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. या टप्प्यातील पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ साली कार्यान्वित झाला. शेतीपंपांस दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू आहे. रात्री अकरा वाजता हातात विजेरी घेऊन हरभऱ्यास पाणी देण्यासाठी जाणे, पायाखाली काय येईल याची धास्ती बाळगणे, हे ज्यांनी केले आहे त्यांस या योजनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु पंपांचा प्रश्न दिवसाच्या विजेने सुटला, तरी गावाच्या संध्याकाळीचा प्रश्न तसाच उरतो. किंबहुना तो अधिक तीव्र होतो. विजेच्या जाळ्यात जितकी वीज येते तितकीच त्या क्षणी वापरली गेली पाहिजे. आपल्या देशात या जाळ्याचा ठोका सेकंदास ५० आवर्तनांचा ठेवलेला आहे. मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली की हा ठोका मंद होतो; निर्मिती अधिक झाली की तो जलद होतो. दोन्ही गोष्टी यंत्रांस घातक. दुपारी सूर्याची वीज उदंड असते तेव्हा औष्णिक केंद्रांस निर्मिती कमी करावी लागते, आणि सूर्य कलताच त्यांनी दोन-तीन तासांत ती झपाट्याने वाढवावी अशी अपेक्षा असते. कोळशाचा प्रचंड बॉयलर असा वरखाली हाकण्यासाठी घडविलेला नसतो. म्हणून हवी तेव्हा सुरू करता येईल आणि नको तेव्हा थांबविता येईल अशा विजेची किंमत वाढत चालली आहे.

अशी वीज महाराष्ट्रास नवी नाही. कोयनेचे उदाहरण घ्यावे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. परंतु पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षास ६७.५ अब्ज घनफूट पाण्याचीच मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाने घालून दिली. पाणी मोजके आहे, म्हणून ते चोवीस तास सारखे सोडून न देता मागणीच्या तासांसाठी राखून ठेवतात, आणि त्या तासांत मोठी यंत्रे चालवितात. घाटघर येथील २५० मेगावॉटच्या केंद्रात तर याहून पुढे जाऊन, वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवितात व महाग असेल तेव्हा खाली सोडतात. साठा लहान असला तरी हरकत नाही, तो कोणत्या घटकेस खर्च करावयाचा एवढे मात्र कळले पाहिजे. शेततळे असलेल्या शेतकऱ्यास हे तत्त्व पाठच आहे. तो आपले पाणी श्रावणात उधळीत नाही. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस ओढ देईल तेव्हासाठी ठेवतो.

कोयनेच्या पाण्याप्रमाणेच गोठ्यातील शेणही मोजकेच असते. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे की, त्या शेणापासून होणारा गॅस दिवसभर साठवून सायंकाळी वीज करण्यासाठी वापरता येईल काय, आणि आपल्या तालुक्यात ते कोठे शक्य आहे.

जुना पाहुणा

गोबर गॅस आपणांस अपरिचित नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारासच मैल्यापासून गॅस घेऊन तो दिव्यांसाठी वापरण्यात येत होता. शेणापासून गॅस करण्याचे शास्त्रीय प्रयोग १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी केले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र तयार केले, आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले. कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी व पुढे देहू येथे डॉ. मापुसकर यांनी, शेणाबरोबरच संडासातील मैलाही या कामी लावला जावा म्हणून आयुष्य वेचले. १९८१ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि घुमटाच्या आकाराची, लोखंडी टाकी नसलेली संयंत्रे गावोगाव बांधली गेली.

त्यांतील कित्येक आज बंद आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. मांजरेकाठच्या एका गावी मी गेलो असता एका वाड्याच्या अंगणात लोखंडी टाकी उलटी करून ठेवलेली दिसली. तिच्यात गुरांसाठी पाणी भरलेले होते. घरच्या आजीबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, गॅस चांगला चालायचा. दोन येळचा सैपाक व्हायचा. मग ढोरं इकली अन् टाकं बी बसलं.” अशा संयंत्रांविषयी अहवालांत तांत्रिक दोषांची लांबलचक यादी असते. आजीबाईंनी खरे कारण एका वाक्यात सांगितले. दुष्काळात जनावरे विकली गेली, ट्रॅक्टर आला, मुले शहरात गेली. जेथे सहा जनावरे होती तेथे एक म्हैस उरली, आणि एका म्हशीच्या शेणावर चूल पेटत नाही.

तेव्हा विजेच्या गोष्टी बोलण्यापूर्वी शेणाचा हिशेब केला पाहिजे.

हिशेब

एक किलो ताज्या शेणापासून साधारणपणे ४० लिटर गॅस मिळतो. गोठ्यात बांधलेल्या एका जनावराचे दिवसास १० किलो शेण हाती लागते असे धरू. लाल कंधारीसारखे चरावयास जाणारे जनावर निम्मे शेण रानातच टाकून येते. म्हणजे एका बांधलेल्या जनावरामागे दिवसास ४०० लिटर, अर्थात ०.४ घनमीटर गॅस. या गॅसमध्ये मिथेन वायूचे प्रमाण ५५ ते ६० टक्के असते, व एका घनमीटरात सुमारे ६ युनिट इतकी उष्णता असते. लहान इंजिन या उष्णतेचा केवळ चौथा हिस्सा विजेत रूपांतरित करते. म्हणून एका घनमीटरामागे दीड युनिट वीज धरावी. मोठी इंजिने दोन युनिटपर्यंत देतात.

आता १०० जनावरे बांधलेली एखादी गोशाळा घेऊ. दिवसास १,००० किलो शेण, ४० घनमीटर गॅस, ६० युनिट वीज. हीच वीज चोवीस तास सारखी काढली तर इंजिन अवघे अडीच किलोवॉटचे होते, आणि ते दुपारी बाराच्या उन्हातही चालत राहते, जेव्हा त्याच्या विजेस कोणी विचारीत नाही. पण तोच गॅस साठवून सायंकाळी सहा ते रात्री अकरा या पाच तासांतच जाळला, तर १२ किलोवॉटचे इंजिन चालते. एका घरास सायंकाळी दिवे, पंखा, दूरदर्शन मिळून पाव किलोवॉट लागते असे मानले, तर पन्नासएक घरांची सांज त्यात भागते. शेण तेच, गॅस तोच. फक्त इंजिन पाचपट मोठे घेतले आणि गॅसला थांबण्यास जागा दिली.

ही जागा किती लागते? इंजिन एकोणीस तास बंद राहणार, तेवढ्या वेळात सुमारे ३२ घनमीटर गॅस जमणार. आपल्या नेहमीच्या घुमटाच्या संयंत्रात दिवसाच्या गॅसपैकी सुमारे एक तृतीयांशच मावतो. म्हणून येथे रबरी अथवा दुहेरी पडद्याचा फुगा स्वतंत्र बसवावा लागतो. या फुग्याचा व मोठ्या इंजिनाचा खर्च हीच लवचिक संयंत्राची खरी किंमत होय. पाचन टाकी, शेणकाला करण्याची कुंडी, मळीचे खड्डे यांत काहीच बदल होत नाही.

लवचिकतेचा दुसरा एक मार्ग आहे, तो म्हणजे टाकीस खाद्य घालण्याची वेळ. शेण सावकाश कुजते. त्याचा गॅस तीस-चाळीस दिवसांत थोडा थोडा निघतो. याउलट खराब झालेले पीठ, उष्टेखरकटे, सडकी फळे यांपासून काही तासांतच गॅस सुटू लागतो. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली अशा पिष्टमय व गोड पदार्थांवर चालणारी लहान संयंत्रे तयार केली आहेत. दुपारी असे खाद्य थोडे घातले तर सायंकाळी गॅसचा जोर वाढतो. पण येथे जपून पाऊल टाकावे. टाकीतील जीवाणू दुभत्या म्हशीसारखे असतात. एकदम पेंड वाढविली की पोट बिघडते. आम्ल वाढून टाकी आंबली, तर महिनाभर तिची मनधरणी करावी लागते.

आधी चूल की आधी दिवा?

हा प्रश्न मला गावोगाव भगिनींकडून विचारला जातो आणि तो योग्यच आहे. हिशेबाने पाहता चुलीची बाजू बळकट आहे. गॅसच्या शेगडीत उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग भांड्यास मिळतो. इंजिनात चौथाच हिस्सा विजेस मिळतो. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत, तेथे २ घनमीटरचे संयंत्र बांधून स्वयंपाक करावा, विजेचा नाद करू नये, असेच माझे मत आहे.

मात्र एका अनुभवाने मला दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागली. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचे लहानसे गाव आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्रा. अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी तेथे साऱ्या गावाचे मिळून संयंत्र उभारले. आरंभी उद्देश स्वयंपाकाच्या गॅसचा होता. परंतु गावातील सारे शेण एकत्र केले तरी सर्व चुलींस गॅस पुरेना, आणि जे सर्वांस पुरत नाही त्यात गावाचे मन रमेना. तेव्हा १९८७ पासून तोच गॅस ५ किलोवॉटच्या इंजिनास देऊन घरोघर दिवे व नळाने पिण्याचे पाणी देण्यात आले. त्या लहान इंजिनाने सर्व घरांस पुरेल एवढे काम केले. शेण आणून देणाऱ्यास किलोमागे अल्पशी रक्कम मिळे आणि गॅस निघून गेलेली मळी ज्याच्या त्याच्या वाट्यास परत जाई. इंजिन दिवसभर चालत नसे. पाण्याच्या व दिव्यांच्या वेळीच चाले. आज ज्यास लवचिक निर्मिती म्हणतात, ती त्या गावकऱ्यांनी जाळ्याचा विचारही न करता साधली होती. संयंत्र वर्षानुवर्षे चालले, पुढे थांबले. तरी चाललेल्या काळाचा धडा कमी महत्त्वाचा नाही.

म्हणून एका घराचे शेण चुलीस द्यावे, पण अनेकांचे शेण एकत्र येत असेल तेथे वीज व पाणी यांचा विचार करावा, असा भेद मी करतो.

जर्मनीने काय केले

या विषयात सर्वांत पुढे गेलेला देश जर्मनी होय. तेथे नऊ हजारांहून अधिक बायोगॅस संयंत्रे आहेत आणि त्यांतील बहुतेक शेतकऱ्यांची किंवा शेतकऱ्यांच्या मंडळांची आहेत. प्रारंभी ती रात्रंदिवस एकसारखी चालत, कारण दर युनिटास ठरलेला भाव मिळे. पुढे पवनचक्क्या व सौर पत्रे वाढले, दुपारी विजेचा भाव कोसळू लागला. मग २०१२ च्या कायद्याने, जे संयंत्र मोठे इंजिन व गॅसचा साठा करील आणि गरजेच्या वेळी वीज देईल, त्यास निराळा मोबदला देऊ केला. कित्येक शेतकऱ्यांनी दुप्पट क्षमतेची इंजिने बसविली व ती अर्धाच वेळ चालविली.

त्यांची एक चूकही आपण ध्यानात ठेवावी. गॅससाठी म्हणून त्यांनी मका इतका पेरला की, चाऱ्याच्या व धान्याच्या जमिनीचा खंड वाढला व लोकांत नाराजी पसरली. शेवटी मक्याच्या वापरावर कायद्याने मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे मांजरा-गोदावरीच्या काळ्या जमिनीत गॅससाठी मका लावा असे कोणी सुचविले, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा. आपल्या येथे जे टाकाऊ आहे तेच संयंत्रास घालावे.

टाकाऊ म्हणजे काय, याचाही गोंधळ होतो. पऱ्हाट्या व तुराट्या लाकडासारख्या असतात. जीवाणूंस त्या पचत नाहीत. सोयाबीनचे काड थोडे बारीक करून शेणात मिसळता येते, पण त्याचा खरा उपयोग पुढे सांगणार आहे. मोठ्या प्रमाणावर मिळणारा व चांगला पचणारा पदार्थ म्हणजे साखर कारखान्यातील गाळाची मळी, जिला कारखान्यात प्रेसमड म्हणतात. गाळलेल्या उसाच्या ती तीन ते चार टक्के निघते. समजा, एका कारखान्याने हंगामात ३ लाख टन ऊस गाळला, तर ९ ते १२ हजार टन मळी झाली. तिचा गॅस वर्षभर पुरवून घेतला तर चोवीस तास चालणारे इंजिन दोनशे किलोवॉटच्या आसपासचे होते. तोच गॅस रोज सायंकाळच्या चार तासांत वापरला तर एक मेगावॉटहून मोठे. अशा एका केंद्राने एखाद्या उपकेंद्रावरील सायंकाळचा भार खरोखर हलका होईल. अडचण हंगामाची आहे. ऊस पाच महिने गाळला जातो, आणि उघड्यावर पडलेली मळी दोन-चार महिन्यांत स्वतःच कुजून अर्धा गॅस हवेत घालविते. शिवाय तिच्यात गंधक अधिक असल्यामुळे गॅस न धुता इंजिनास दिला तर इंजिन लौकर झिजते. २०१८ पासून केंद्र सरकारने गॅस शुद्ध करून वाहनांसाठी विकण्याची योजना आणली आहे. कारखान्यांचा ओढा साहजिकच तिकडे आहे. त्यात गैर काही नाही. पण एकच मळी दोन ठिकाणी खर्ची टाकता येत नाही, इतके हिशेब मांडणाऱ्यांनी विसरू नये.

फुगा की बॅटरी

कोणी सुशिक्षित तरुण विचारतील, बॅटऱ्या स्वस्त होत असता या शेणाच्या खटाटोपात का पडावे? प्रश्न रास्त आहे. दुपारची सौर वीज भरून सायंकाळी दोन-चार तास देण्यासाठी बॅटरी उत्तम आहे. ती पापणी लवते तोच सुरू होते, गॅसच्या इंजिनास काही मिनिटे लागतात. शहरात व मोठ्या सौर केंद्रांपाशी बॅटरीच योग्य. परंतु आषाढात आठ-आठ दिवस आभाळ गच्च असते तेव्हा बॅटरी भरणार कशाने? गोठ्यात शेण पडावयाचे ते पावसातही पडते. दुसरे असे की, फिरते यंत्र जाळ्यास जोडलेले असले म्हणजे त्याच्या जडपणाचा आधार मिळतो. लांबलेल्या वाहिनीच्या शेपटाकडील गावांत व्होल्टेज पडून पंप जळण्याचे प्रकार आपण पाहतोच. तेथे असे यंत्र व्होल्टेजही सावरून धरते. आणि तिसरे, बॅटरी खत देत नाही.

कृषि अधिकारी या नात्याने मला हे तिसरे कारणच सर्वांत मोठे वाटते. १,००० किलो शेणात तितकेच पाणी मिसळून घातले की दररोज सुमारे दोन टन मळी बाहेर येते. शेणातील कर्बाचा काही भाग गॅसबरोबर जातो, नत्र मात्र जवळजवळ सारे मळीत राहते. उकिरड्यावर उन्हापावसात पडलेल्या शेणखतास हे भाग्य नसते, आणि गोवरी करून जाळलेल्या शेणाचे तर विचारूच नये. परंतु ही मळी उघड्यावर वाळविली तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते. म्हणून सोयाबीनचे काड, गव्हाणीतील उरलेला कडबा यांचे थर खड्ड्यात घालून त्यांवर मळी सोडावी. काड ती शोषून घेते आणि तीन-चार महिन्यांत उत्तम कंपोस्ट होते. सोयाबीनची मळणी झाल्यावर बांधावर काड पेटवून देण्याची जी घाई आपल्याकडे दिसते, तिला हा चांगला पर्याय आहे.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. फुगा भरला आणि इंजिन बिघडले तर गॅस तसाच हवेत सोडू नये. मिथेन हवेची उष्णता वाढविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट प्रबळ आहे. तो जाळून टाकण्यासाठी सुरक्षित अंतरावर मशाल असावी. दुसरी गोष्ट जिवाची आहे. रिकाम्या केलेल्या पाचन टाकीतही विषारी वायू असतो. दुरुस्तीसाठी कोणीही, कितीही घाईत, आत उतरू नये. त्याचप्रमाणे महावितरणच्या परवानगीवाचून आपले जनित्र वाहिनीस जोडू नये. तारा बंद आहेत असे समजून खांबावर चढलेल्या तारमास्तरच्या हातात आपली वीज जाईल.

आता प्रश्न मोबदल्याचा. २०२३ साली केंद्र सरकारने ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत बदल करून वेळेनुसार वीजदराची पद्धत आणली. सौर तासांतील दर नेहमीपेक्षा कमी व मागणीच्या तासांतील दर अधिक, शेतीग्राहक यातून वगळलेले, असे तिचे स्वरूप आहे. घेणाऱ्याच्या बाबतीत घड्याळाचे मोल अशा रीतीने मान्य झाले. देणाऱ्या लहान उत्पादकाच्या बाबतीतही ते मान्य व्हावयास हवे. रात्री आठच्या युनिटास आणि दुपारी दोनच्या युनिटास एकच भाव मिळत असेल, तर गोशाळेने फुग्यावर पैसा का घालावा? जर्मनीतही शेतकऱ्याने मोठे इंजिन घेतले ते भाव बदलल्यावर. उपदेश ऐकून नव्हे.

तोवर जे आपल्या हाती आहे ते हे की, सायंकाळची वीज विकण्याऐवजी स्वतः वापरावी. यासाठी सर्वांत सोयीची जागा दूध संकलन केंद्राची होय. दूध सकाळ-सायंकाळ येते, ते तत्काळ थंड करावे लागते, आणि शीतकरणाचा भार नेमका महागड्या तासांत पडतो. शेण व गरज एकाच अंगणात आणि एकाच वेळी असण्याचे असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

तालुक्यातील एका गोशाळेच्या चालकांशी माझे यासंबंधी बोलणे चालू आहे. त्यांस लगेच अंदाजपत्रक हवे होते. मी त्यांस एक तराजू व एक वही आणण्यास सांगितले. रोजचे शेण दोन वेळा तोलावे, किती जनावरे बाहेर होती ते लिहावे, पाणी किती लागले ते लिहावे. आणि हे पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही ऋतू चालावे. आषाढात चिखलात मिसळलेले शेण उचलता येत नाही, पौषाच्या थंडीत गॅस मंदावतो, वैशाखात पाण्याची ओढ असते. इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावयाचे ते या तिहींपैकी सर्वांत कमी आकड्यावरून ठरवू. वहीची पहिली पाने भरली आहेत. गुराखी स्वतः तोलतो व त्याची शाळेत जाणारी मुलगी आकडे लिहिते.